सरकारी साहाय्य, लबाडीची चौकशी आणि माहितीची मर्यादा

सरकारनें शेतकऱ्याच्या हातीं रोख साहाय्य देण्याच्या योजना जसजशा वाढत गेल्या, तसतशी त्यांत शिरणाऱ्या लबाडीची चर्चाही वाढत गेली. मसुऱ्यासारख्या अनेक वाड्यांच्या मोठ्या गांवांत या चर्चेचे दोन सूर असतात. एकाचें म्हणणें असें कीं, पात्रता नसतां पैसे घेणाऱ्यांचीं नांवें सरकारनें उघड करावींत; पैसा सार्वजनिक आहे, मग तो कोणीं घेतला हें लपविण्याचें कारण काय? दुसऱ्याचें म्हणणें असें कीं, आपणांस अपात्र ठरवून वसुलीची नोटीस आली, परंतु कोणत्या कागदावरून अपात्र ठरविलें तें कोणी दाखवीत नाहीं, आणि गांवांत मात्र आपलें नांव आधींच फिरलें आहे. दोन्ही तक्रारी माहितीविषयींच्याच आहेत. पहिल्यास दुसऱ्याची माहिती हवी आहे, दुसऱ्यास स्वतःची. कायद्यानें या दोन मागण्यांस निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत. तीं उत्तरें जमीनधारक शेतकऱ्यानें समजून घेणें अगत्याचें आहे. कारण आज जो विचारणारा आहे, त्याच्यावरच उद्यां उत्तर देण्याची पाळी येऊं शकते.

योजना आणि तिचे अपात्र लाभार्थी

उदाहरणादाखल प्रधानमंत्री किसान सन्मान निधि ही योजना घेऊं. तिचा आरंभ २४ फेब्रुवारी २०१९ रोजीं झाला आणि ती १ डिसेंबर २०१८ पासून लागू धरण्यांत आली. दर वर्षास सहा हजार रुपये, दोन दोन हजारांच्या तीन हप्त्यांनीं, शेतकरी कुटुंबाच्या बँकेच्या खात्यांत जमा करावयाचे, असें तिचें स्वरूप ठरलें. आरंभीं दोन हेक्टरांपर्यंत जमीन असणाऱ्यांपुरतीच ती होती. २०१९ च्या जूनपासून ही मर्यादा काढण्यांत आली. महाराष्ट्र सरकारनें २०२३ सालीं नमो शेतकरी महासन्मान निधि या नांवानें तितकीच आणखी रक्कम जोडली.

तथापि जमीन आहे एवढ्यानेंच कोणी पात्र होत नाहीं. आयकर भरणारे, घटनात्मक पद धारण करणारे किंवा पूर्वीं केलेले, चतुर्थ श्रेणी सोडून इतर सरकारी नोकर व निवृत्त नोकर, महिना दहा हजार रुपये किंवा अधिक निवृत्तिवेतन घेणारे, तसेंच वैद्य, वकील, अभियंते, हिशेबतपासनीस अशा नोंदलेल्या व्यवसायांतील लोक यांस योजनेनें वगळलें आहे. कुटुंब म्हणजे पति, पत्नी आणि अज्ञान मुलें, एवढाच अर्थ तिनें घेतला आहे.

ही व्याख्या कोंकणांत विशेष गुंतागुंत उत्पन्न करते. गड नदीच्या कांठचे भाताचे मळे, वरची वरकस जमीन, काजूचें भरड आणि माडांची बागाईत यांचे सातबारे पाहिले तर एकेका उताऱ्यावर दहा दहा, वीस वीस नांवें आढळतात. त्यांतील कांहीं मंडळी मुंबईस नोकरीस, कांहीं निवृत्त, कांहीं दिवंगत होऊनही वारसाची नोंद व्हावयाची राहिलेली. आणि प्रत्यक्ष कसणारा त्यांतला एखादाच. समजा, एका सामायिक खात्यांत दोन भाऊ आहेत. थोरला मुंबईस नोकरी करून आयकर भरतो, धाकटा गांवीं राहून शेती पाहतो. नियमाप्रमाणें दोघांचीं कुटुंबें वेगळीं, म्हणून थोरला अपात्र व धाकटा पात्र. परंतु नांव, आडनांव व गट क्रमांक सारखे असतां यंत्रानें किंवा कारकुनानें एकाचा दोष दुसऱ्याच्या माथीं मारणें अशक्य नाहीं. याउलट थोरल्यानेंही अर्ज करून हप्ते घेतले असतील, तर धाकट्याच्या निरपराधीपणानें थोरल्याची अपात्रता झांकली जात नाहीं.

आतां एकंदर देशाचा हिशेब पाहूं. २०२१ च्या जानेवारींत माहितीच्या अधिकारांतील एका उत्तरावरून असें उघड झालें कीं, २० लाख ४८ हजार अपात्र लाभार्थींस सुमारें १,३६४ कोटी रुपये दिले गेले होते. ही माहिती कॉमनवेल्थ ह्युमन राइट्स इनिशिएटिव्ह या संस्थेचे व्यंकटेश नायक यांनीं केंद्रीय कृषि मंत्रालयाकडून मिळविली होती. त्या अपात्रांपैकीं निम्म्याहून अधिक आयकर भरणारे होते. पंजाबांत ४ लाख ७४ हजार, आसामांत ३ लाख ४५ हजार आणि महाराष्ट्रांत २ लाख ८६ हजार, अशी त्यांची संख्या होती. त्यापूर्वीं, २०२० सालीं, तामिळनाडूंत याच योजनेंत पांच लाखांवर अपात्र नांवें घुसविलीं गेल्याचें व सुमारें ११० कोटी रुपये गेल्याचें तेथील कृषि खात्यानें सांगितलें. तेथें अधिकाऱ्यांच्या प्रवेशखुणा दलालांच्या हातीं पडल्या होत्या. ज्यांस योजनेचें नांवही ठाऊक नव्हतें अशा पुष्कळ लोकांचीं नांवें त्यांनीं भरलीं. म्हणजे यादींत नांव आढळलें एवढ्यावरून तो मनुष्य लबाड ठरत नाहीं.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. त्या उत्तरांत संख्या होती, प्रांतवार विभागणी होती, रक्कम होती, अपात्रतेचें कारण होतें. नांव मात्र एकाचेंही नव्हतें. तरीही त्यापासून झालेला सार्वजनिक लाभ मोठा होता. योजनेचा पैसा कोठें गळतो, कोणत्या नियमाची तपासणी आधीं व्हावयास पाहिजे होती, हें त्या आंकड्यांनीं देशास दाखविलें. देशभर अपात्रांकडून ४१६ कोटी रुपये वसूल झाल्याचें सरकारनें २०२५ सालीं सांगितलें. कोणाचीही अब्रू चव्हाट्यावर न मांडतां सरकारास जाब विचारतां येतो, याचें हें ठळक उदाहरण आहे.

उघड ठेवावयाची माहिती

इंग्रजी अमदानींतील १९२३ च्या शासकीय गुपितांच्या कायद्यानें सरकारी कागद गुप्त ठेवणें हाच नियम केला होता. महाराष्ट्रानें २००२ सालीं स्वतःचा माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. पुढें १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणें अमलांत आलेल्या केंद्रीय कायद्यानें त्याची जागा घेतली. या कायद्यानें जुना नियम उलटा फिरविला. माहिती देणें हा नियम झाला आणि नाकारणें हा अपवाद.

याच कायद्याच्या चौथ्या कलमांत असें सांगितलें आहे कीं, कोणी मागो वा न मागो, प्रत्येक सरकारी कार्यालयानें अनुदानाच्या योजना कशा राबविल्या, त्यांवर किती रक्कम ठरविली व त्यांचे लाभार्थी कोण, याचा तपशील आपण होऊन प्रसिद्ध करावा. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ याच्या सत्ताविसाव्या कलमानें शिधावाटपाचे कागदही जनतेच्या पाहणीसाठीं खुले ठेवण्यास सांगितलें आहे. किसान सन्मान निधीच्या नियमांतही पात्र लाभार्थींची यादी गांवांत लावावी आणि ज्यांस वगळलें त्यांस आपली बाजू मांडण्याची संधि द्यावी, अशी तरतूद आहे.

यामागील विचार सोपा आहे. तालुक्याच्या कचेरींत बसलेल्या अधिकाऱ्यास गांवची माणसें ठाऊक नसतात. कोण वारला, कोणी जमीन विकली, कोण पंधरा वर्षें परदेशांत आहे, हें गांवकऱ्यांस ठाऊक असतें. यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली तर चुकीचें नांव आपोआप लक्षांत येतें, आणि सुटलेलें नांवही. परंतु पात्र लाभार्थींची यादी लावणें आणि संशयितांची यादी लावणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिलींत कोणावर आरोप नाहीं. दुसरींत आरोप आहे, आणि तो अजून सिद्ध व्हावयाचा आहे.

झांकून ठेवावयाची माहिती

लाभार्थीचें नांव, गांव व मिळालेली रक्कम प्रसिद्ध करणें निराळें आणि त्याचा आधार क्रमांक, बँकेचें खातें, आयकराचा कागद किंवा आजाराचा दाखला बाहेर काढणें निराळें. आधार कायदा, २०१६ याच्या एकोणतिसाव्या कलमानें आधार क्रमांक चारचौघांत प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. नियमांत सांगितलेल्या कामापुरताच काय तो अपवाद. आयकराच्या विवरणपत्राविषयीं सर्वोच्च न्यायालयानें ३ ऑक्टोबर २०१२ रोजीं गिरीश रामचंद्र देशपांडे यांच्या प्रकरणांत निर्णय दिला. अकोल्यांतील एका सरकारी नोकराची मालमत्ता, नोकरींतील शिस्तभंगाचे कागद व आयकराचीं विवरणपत्रें मागण्याचा तो खटला होता. हे कागद व्यक्तिगत माहितींत मोडतात, आणि व्यापक लोकहित दाखविल्याशिवाय ते देतां येत नाहींत, असें न्यायालयानें ठरविलें. पुढें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं न्यायमूर्ति पुट्टस्वामी यांच्या प्रकरणांत नऊ न्यायाधीशांच्या पीठानें खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचें एकमतानें घोषित केलें.

या विषयांतील सर्वांत नवा बदल २०२३ च्या अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानें झाला. माहितीच्या अधिकाराच्या आठव्या कलमांतील व्यक्तिगत माहितीचें पोटकलम पूर्वीं सविस्तर होतें. ज्या माहितीचा सार्वजनिक कामाशीं संबंध नाहीं, किंवा जी दिल्यानें खासगीपणावर अकारण आघात होतो, तेवढीच नाकारतां येत असे. आणि व्यापक लोकहित असेल तर तीही देतां येत असे. जी माहिती संसदेस किंवा विधिमंडळास नाकारतां येत नाहीं, ती सामान्य मनुष्यासही नाकारूं नये, असाही एक दंडक तेथें होता. नव्या कायद्यानें हें सर्व काढून, व्यक्तिगत माहितीशीं संबंधित माहिती देणें बंधनकारक नाहीं, एवढेंच थोडक्यांत लिहिलें. हा बदल १४ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आला.

या बदलावर दोन पक्ष आहेत. सरकारचें म्हणणें असें कीं, खासगीपणा मूलभूत हक्क ठरल्यावर कायदा त्यास जुळवून घेणें प्राप्तच होतें. शिवाय आठव्या कलमाचें दुसरें पोटकलम कायम आहे, आणि त्याप्रमाणें हानीपेक्षां लोकहित अधिक असेल तर कोणतीही झांकलेली माहिती देतां येते. विरोधकांचें म्हणणें असें कीं, शिधापत्रिका, निवृत्तिवेतन व रोजगार यांच्या याद्या तपासूनच गोरगरिबांनीं आजवर लबाडी उघडकीस आणली. आतां प्रत्येक यादींत नांव असतें, म्हणून प्रत्येक यादी व्यक्तिगत म्हणून नाकारली जाईल.

शेतकऱ्याच्या दृष्टीनें पाहतां, दुसऱ्या पक्षाची भीति निराधार नाहीं. परंतु पहिल्या पक्षानें दाखविलेली वाटही बंद नाहीं. लाभार्थींचा तपशील आपण होऊन प्रसिद्ध करावा, हें चौथें कलम रद्द झालेलें नाहीं. म्हणून अर्जदारानें त्या कलमाचा आधार घ्यावा आणि आठव्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाखालीं लोकहित कोणतें तें स्पष्ट लिहावें. माहिती कशासाठीं हवी हें सांगण्याची सक्ति कायदा अर्जदारावर करीत नाहीं हें खरें; तथापि व्यक्तिगत म्हणून जी नाकारली जाण्याचा संभव आहे, तिच्याविषयीं कारण दिल्यानें अर्ज बळकट होतो.

चौकशी चालू असतांना

तक्रार झाली आणि चौकशी लागली, कीं गांवास सर्व कांहीं तत्काळ हवें असतें. कायदा येथें थोडें थांबावयास सांगतो. ज्या माहितीनें तपासास, अपराध्याच्या अटकेस किंवा खटल्यास अडथळा येईल ती नाकारतां येते. कोणाचे जबाब घ्यावयाचे आहेत, कोणतीं खातीं तपासावयाचीं आहेत, हें आधींच फुटलें तर पुरावा नाहींसा होईल, हें सांगावयास नको. तक्रार करणाऱ्यानें विश्वासानें दिलेली माहिती त्याची ओळख पटेल अशा रीतीनें उघड करणेंही कायद्यास मान्य नाहीं. त्याच्या जीविताचा किंवा सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर मुळींच नाहीं. लहान गांवांत ही तरतूद फार मोलाची आहे. तिच्या अभावीं शेजाऱ्याच्या लबाडीविषयीं तोंड उघडण्याचें धाडस कोण करील?

परंतु या अपवादाची ढाल करून अधिकाऱ्यानें सर्वच कागद दडवावे असा त्याचा अर्थ नाहीं. दिल्ली उच्च न्यायालयानें ३ डिसेंबर २००७ रोजीं भगत सिंग यांच्या प्रकरणांत स्पष्ट केलें कीं, चौकशी चालू आहे एवढें कारण पुरेसें नाहीं. माहिती दिल्यानें तपासास अडथळा कसा येईल, हें अधिकाऱ्यानें दाखविलें पाहिजे. तसेंच कायद्याचें दहावें कलम असें सांगतें कीं, कागदाचा कांहीं भाग झांकण्यासारखा असेल तर तेवढाच झांकून उरलेला द्यावा. एका नांवासाठीं संपूर्ण अहवाल नाकारतां येत नाहीं.

म्हणून चौकशी चालू असतां विचारण्याजोगे प्रश्न निराळे आणि ती संपल्यावर विचारण्याजोगे निराळे. चालू असतां तक्रार कोणत्या तारखेस मिळाली, ती कोणाकडे सोंपविली, कोणत्या पायरीस आहे, किती खात्यांची तपासणी व्हावयाची आहे, एवढें विचारावें. संपल्यावर निष्कर्ष, वसुलीची रक्कम, जबाबदार अधिकारी व त्याजवर झालेली कारवाई हें मागावें. सरकारी कामाचा निर्णय कोणत्या अधिकाऱ्यानें घेतला ही त्याची खासगी बाब होत नाहीं.

प्रकरण पोलिसांकडे गेलें तर मार्ग वेगळा होतो. सर्वोच्च न्यायालयानें ७ सप्टेंबर २०१६ रोजीं यूथ बार असोसिएशनच्या प्रकरणांत आदेश दिला कीं, नाजूक स्वरूपाचे गुन्हे वगळतां इतर प्रथम खबरी चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर घालाव्या. दळणवळणाची अडचण असेल तेथें मुदत वाढवून दिली. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ याप्रमाणें तपासाची प्रगति फिर्याद देणाऱ्यास नव्वद दिवसांत कळविणें हें पोलिसांचें कर्तव्य आहे.

ज्याच्यावर आरोप आहे त्याचा हक्क

आतांपर्यंत इतरांच्या माहितीचा विचार झाला. नोटीस ज्याच्या दारीं आली, त्याचा हक्क याहून बलवत्तर आहे. व्यक्तिगत माहितीचा अपवाद दुसऱ्याच्या माहितीसाठीं आहे. मनुष्यास स्वतःची माहिती नाकारण्यासाठीं तो वापरतां येत नाहीं. शिवाय आरोप करावा आणि त्याचा आधार दाखवूं नये, हें नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे. १८ फेब्रुवारी २०२२ रोजीं टी. ताकानो यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, ज्या तपास अहवालाच्या आधारें कारणें दाखवा नोटीस काढली, तो अहवाल नोटीस मिळालेल्या मनुष्यास दिला पाहिजे. तिऱ्हाइताची खासगी बाब असलेला भाग फार तर वगळावा. २७ मार्च २०२३ रोजीं भारतीय स्टेट बँक विरुद्ध राजेश अगरवाल या खटल्यांत, कर्जदाराच्या खात्यावर लबाडीचा शिक्का मारण्यापूर्वीं त्याचें म्हणणें ऐकलेंच पाहिजे, असा निर्णय झाला. हे दोन्ही खटले शेतीच्या साहाय्याचे नव्हते. पहिला रोखे बाजाराचा व दुसरा बँकेच्या कर्जाचा होता. परंतु त्यांतील तत्त्व तहसीलदाराच्या नोटिशीसही लागू पडण्याजोगें आहे.

हें तत्त्व मोडलें तर काय होतें, याचा धडा नेदरलँड्स देशानें जगास दिला. तेथें लहान मुलांच्या संगोपनासाठीं सरकार पालकांस साहाय्य देतें. कर खात्यानें वीस हजारांहून अधिक कुटुंबांस लबाड ठरवून त्यांजकडून दिलेली सर्व रक्कम परत मागितली. पुष्कळांची चूक एखादी सही राहणें किंवा थोडी रक्कम कमी भरणें एवढीच होती. आपली फाईल पाहावयास मागितली असतां कांहीं पालकांच्या हातीं ओळीच्या ओळी काळ्या शाईनें पुसलेले कागद आले. कुटुंबें कर्जांत बुडालीं, कित्येकांचीं घरें गेलीं. संसदेच्या चौकशीनंतर १५ जानेवारी २०२१ रोजीं तेथील मंत्रिमंडळानें राजीनामा दिला. लबाडी शोधण्याचा हेतु वाईट नव्हता. परंतु आरोपितास त्याच्याच फाईलीपासून दूर ठेवल्यामुळें चूक वेळेवर सुधारतां आली नाहीं. आरोपितास कागद दाखविण्यांत त्याच्यावर मेहेरबानी होत नाहीं. तपास बरोबर आहे कीं नाहीं, हें पाहण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

स्थगिति म्हणजे दोष नव्हे

महाराष्ट्रांतील ताजें उदाहरण मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचें आहे. ही योजना २०२४ च्या जुलैपासून लागू झाली. पात्र स्त्रीस महिना दीड हजार रुपये देण्याचें तींत ठरलें. महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनीं जुलै २०२५ मध्यें जाहीर केलें कीं, माहितीची पडताळणी केल्यावर सुमारें २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असतांना लाभ घेत असल्याचें दिसून आलें, आणि २०२५ च्या जूनपासून त्यांचा लाभ तात्पुरता थांबविण्यांत आला. कोणी एकाहून अधिक योजनांचा लाभ घेत होता, कांहीं कुटुंबांत दोहोंपेक्षां अधिक लाभार्थी होते, कांहीं ठिकाणीं तर पुरुषांनींच अर्ज केले होते. जिल्हाधिकारी पुन्हां पडताळणी करतील व जे पात्र ठरतील त्यांचा लाभ पुन्हां सुरू होईल, असेंही त्यांनीं त्याच वेळीं सांगितलें.

या घोषणेंतील ‘तात्पुरता’ हा शब्द गांवच्या गजालींत हमखास गळून पडतो. लाभ थांबला म्हणजे चोरी सिद्ध झाली असें लोक समजतात. वस्तुतः थांबलेल्यांत लबाड असतील, चुकीनें अर्ज केलेले असतील, आणि यंत्राच्या जुळवाजुळवींत सांपडलेले निर्दोषही असतील. तिघांचीं नांवें एकाच यादींत घालून गांवभर फिरविलीं, तर खऱ्या लबाडास त्या गर्दींत आसराच मिळतो आणि निर्दोषाची अब्रू मात्र परत येत नाहीं.

अर्ज कसा करावा

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणें माहितीचा अर्ज एकाच विषयाचा व साधारणतः दीडशे शब्दांच्या आंत असावा. त्यावर दहा रुपयांचा न्यायालयीन मुद्रांक लावावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास ही फी माफ आहे. अर्ज तहसील किंवा तालुका कृषि अधिकाऱ्याच्या कार्यालयांतील जन माहिती अधिकाऱ्याच्या नांवें द्यावा. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर त्यांनींच तो पांच दिवसांच्या आंत तिकडे पाठविला पाहिजे. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. उत्तर न मिळाल्यास किंवा तें समाधानकारक नसल्यास तीस दिवसांत वीस रुपयांचा मुद्रांक लावून पहिलें अपील त्याच कार्यालयांतील वरिष्ठाकडे करावें, आणि तेथील निकालानंतर नव्वद दिवसांत दुसरें अपील राज्य माहिती आयोगाच्या कोंकण खंडपीठाकडे करावें. सबळ कारणावांचून माहिती अडविणाऱ्या अधिकाऱ्यास रोज २५० रुपयांप्रमाणें, पंचवीस हजारांपर्यंत दंड करण्याचा अधिकार आयोगास आहे.

गांवच्या हितासाठीं विचारावयाचें असेल तर प्रश्न असे असावेत: अमुक गांवांत अमुक वर्षीं किती खातेदारांस लाभ दिला, किती अपात्र ठरले व कोणत्या कारणानें, किती रक्कम वसूल झाली, किती बाकी आहे, पडताळणी कोणत्या अधिकाऱ्यानें कोणत्या तारखेस केली, चौथ्या कलमाप्रमाणें लाभार्थींची यादी कोठें प्रसिद्ध केली आहे. दुसऱ्याचा आधार क्रमांक, बँकेचें पुस्तक, आयकराचा कागद किंवा वैद्यकीय दाखला मागूं नये. तो मिळत तर नाहींच, शिवाय त्या एका मागणीनें सबंध अर्जावर सूडबुद्धीचा संशय येतो. दुसऱ्या कोणीं आपली गुप्त म्हणून दिलेली माहिती मागितली व ती देण्याचा अधिकाऱ्याचा विचार असेल, तर अकराव्या कलमाप्रमाणें आपणांस नोटीस आली पाहिजे आणि हरकत घेण्यास दहा दिवस मिळाले पाहिजेत, हेंही ध्यानांत ठेवावें.

स्वतःस वसुलीची नोटीस आली असेल तर ती फेंकून देऊं नये आणि घाबरून तत्काळ पैसेही भरूं नयेत. प्रथम लेखी उत्तर द्यावें. त्यांत अपात्रतेचा नियम, ज्या नोंदीवरून तो लावला ती नोंद, आणि पडताळणीचा अहवाल यांची नक्कल मागावी. सातबारा, आठ-अ, फेरफार, आणि सामायिक खातें असल्यास कुटुंब वेगळें असल्याचा पुरावा जोडावा. उत्तराची पोंच घेऊन ठेवावी. आणि हप्ते खरोखरच नियमाबाहेर घेतले असतील, तर रक्कम परत भरून पावती जपून ठेवणें हाच सरळ मार्ग आहे. योजनेनें ती सोय ठेविली आहे.

सहकारी सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांसही दोन शब्द सांगणें इष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं केरळांतील थलप्पलम सेवा सहकारी बँकेच्या प्रकरणांत ठरविलें कीं, सरकारचें प्रत्यक्ष नियंत्रण किंवा भरीव अर्थसाहाय्य नसलेली सहकारी संस्था माहितीच्या कायद्याखालीं येत नाहीं. मात्र निबंधक कायद्यानें तिच्याकडून जी माहिती घेऊं शकतो, ती त्याच्यामार्फत मागतां येते. म्हणून सभासदांचीं खातीं, कर्जें व ओळखपत्रांच्या नकला सोसायटीच्या कपाटांत असल्या तरी त्या चिटणीसाच्या मालकीच्या होत नाहींत. कोणी आला आणि अमक्याचें खातें दाखवा म्हणाला, तर त्यास नियमाचा मार्ग दाखवावा.

मोबाईलवरच्या गटांत अपात्रांच्या म्हणून फिरणाऱ्या याद्या पुढें पाठविण्यांत तर दुहेरी धोका आहे. यादी खोटी असेल तर भारतीय न्याय संहिता, २०२३ याच्या ३५६ व्या कलमाखालीं बदनामीचा खटला अंगावर येऊं शकतो. खरी असेल आणि तींत आधार क्रमांक असतील तर तीं उघड करणें हाच वेगळा अपराध होण्याचा संभव आहे. संशय असेल तर तो सही करून तालुक्याच्या कचेरींत द्यावा. तेथें आपलें नांव झांकून ठेवण्याची विनंतीही करतां येते.

मसुऱ्याची आंगणेवाडी भराडीदेवीच्या जत्रेसाठीं प्रसिद्ध आहे. त्या दिवशीं मुंबईचा चाकरमानी आणि गांवचा कसणारा एकत्र येतात, आणि सामायिक खात्याचे बहुतेक धनी एकाच घरीं सांपडतात. त्या भेटींत सातबाऱ्यावरील नांवें, राहिलेल्या वारसनोंदी, कोण आयकर भरतो व कोणाच्या नांवें हप्ता येतो, हें घरांतल्या घरांत एकदां तपासून घ्यावें. अपात्राचें नांव आपण होऊन कमी करावें, मयताची नोंद करून घ्यावी, आणि कसणाऱ्याचा हक्क कागदावर स्पष्ट करावा. एवढें झाल्यास पुढें नोटीस आली तरी उत्तर हाताशीं राहील, आणि ग्रामसभेंत कोणीं हिशेब मागितला तर तो देण्यास संकोच वाटणार नाहीं.